वयात येताना अंगावरील केस : कमी-अधिक, लवकर आणि उशिरा

जबलपूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, भेडाघाट येथे, नर्मदा संगमरवरी कड्यांच्या चिंचोळ्या घळीतून वाहते. शाळांच्या सहलींचे हे नेहमीचे ठिकाण आहे. धुवांधार धबधब्याच्या कठड्याशी आठवी-नववीच्या वर्गाचे छायाचित्र काढले जाते, तेव्हा एका मुलाला ठळक मिसरूड फुटलेले असते आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा ओठ कोराच असतो. एका मुलीच्या हातांवर दाट काळी लव दिसते, तर तिच्या मैत्रिणीच्या हातांवर ती शोधूनही सापडत नाही. इयत्ता तीच, वयातील अंतरही काही महिन्यांचेच. अशा छायाचित्रातील जवळजवळ सर्व मुले निरोगी असतात. मात्र घरी परतल्यावर ते न्याहाळताना, आपल्यातच काही तरी कमी आहे किंवा अधिक आहे, अशी शंका त्यांतील अनेकांच्या मनात येते. ही शंका बहुधा बोलून दाखवली जात नाही.

अंगावरील केसांच्या बाबतीत निसर्गाने मोठी मोकळीक ठेवलेली आहे. ते कधी येतील, किती येतील, किती राठ असतील याचे एकच माप नाही. वैद्यकीय तपासणीची खरोखर गरज असते अशा परिस्थिती थोड्या आहेत आणि त्या ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत.

केस नव्याने उगवत नाहीत

वयात येताना अंगावर नवे केस उगवतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. मानवी शरीरावर सुमारे पन्नास लाख रोमकूप असतात आणि ते सर्व जन्मापूर्वीच तयार झालेले असतात. जन्मानंतर नवा रोमकूप निर्माण होत नाही. स्त्री आणि पुरुष यांच्या रोमकूपांच्या संख्येतही फारसा फरक नसतो. दाढीच्या जागी स्त्रियांनाही रोमकूप असतात. त्यांतून येणारा केस मात्र आखूड, मऊ व जवळजवळ रंगहीन राहतो.

गर्भावस्थेतील बाळाच्या अंगावर बारीक लव असते. ती जन्मापूर्वी किंवा जन्मानंतरच्या काही आठवड्यांत आपोआप गळून पडते. ही लव जावी म्हणून बाळाला डाळीच्या पिठाने किंवा कणकेच्या गोळ्याने चोळण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. जे आपण होऊन गळणारच असते, त्याचे श्रेय कणकेला मिळते, आणि नाजूक त्वचेला कधी कधी पुरळाचा त्रास होतो. बालपणी अंगभर मऊ लव राहते. पुढे पौगंडावस्थेत शरीरातील पुरुषसंप्रेरकांच्या, म्हणजे अँड्रोजेन गटातील द्रव्यांच्या प्रभावाने काही ठरावीक ठिकाणचे रोमकूप आपले काम बदलतात. तेच रोमकूप आता जाड, रंगीत व राठ केस निर्माण करू लागतात.

'पुरुषसंप्रेरके' हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. ही द्रव्ये मुलींच्या शरीरातही असतात. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि अंडाशय त्यांची निर्मिती करतात. काखेतील आणि जांघेतील रोमकूपांना बदलण्यासाठी त्यांची अल्प मात्राही पुरते. म्हणून तेथे मुलगे व मुली दोघांनाही केस येतात. दाढी, छाती व पाठ येथील रोमकूपांना अधिक मात्रा लागते. ही मात्रा किती लागेल, हे रोमकूपाच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असते आणि ती संवेदनशीलता आनुवंशिक असते. दोन व्यक्तींच्या रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण अगदी सारखे असूनही एकीच्या अंगावर दाट केस व दुसरीच्या अंगावर विरळ केस असू शकतात, याचे कारण हेच. एकच संप्रेरक हनुवटीवरचा केस राठ करते आणि टाळूवरचा केस बारीक करून पुढे टक्कल पाडते, हा याच संवेदनशीलतेचा दुसरा आणि काहीसा विनोदी परिणाम म्हणता येईल.

लवकर आणि उशिरा

अधिवृक्क ग्रंथींतून ही द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवू लागण्यास साधारणतः सहा ते आठ वर्षांच्या वयात सुरुवात होते. त्या वेळी बाहेरून काही दिसत नाही. पुढे कधी तरी घामाचा वास बदलतो, त्वचा तेलकट होते, आणि मग केस दिसू लागतात. मुलींमध्ये वयात येण्याची पहिली खूण सामान्यतः आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान दिसते. याचा सरळ अर्थ असा की, बारा वर्षांच्या दोन निरोगी मुलींपैकी एक तीन-चार वर्षे पुढे गेलेली आणि दुसरी अजून सुरुवातही न झालेली असू शकते.

मुलींमध्ये बहुधा स्तनांची वाढ आधी सुरू होते आणि जांघेतील केस नंतर येतात. काहींमध्ये हा क्रम उलटाही असतो व तोही सामान्य मानला जातो. मुलांमध्ये वृषणांची वाढ आधी, जांघेतील केस त्यानंतर, आणि काखेतील केस साधारणतः आणखी दोन वर्षांनी येतात. मिसरूड प्रथम वरच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांवर फुटते, मग मध्यापर्यंत सरकते. त्यानंतर गाल व खालच्या ओठाखालचा भाग, आणि सर्वांत शेवटी हनुवटी व गालांच्या कडा, असा त्याचा प्रवास असतो. सोळाव्या वर्षी दाढी तुटक दिसते म्हणून आरशासमोर चिंतित होणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते की, हा प्रवास विशीतही चालू राहतो. छातीवरचे केस तर पंचविशीनंतरही वाढत असतात.

प्राचीन भारतीय वैद्यकाला ही गोष्ट अनोळखी नव्हती. कळीत दडलेला गंध जसा आधी जाणवत नाही आणि फूल उमलल्यावर प्रकट होतो, तसे वयाच्या परिणामाने रोमराजीसारखी लक्षणे प्रकट होतात, अशा आशयाचे विवेचन सुश्रुतसंहितेत आढळते. 'पौगंड' हा शब्द मात्र जुन्या संस्कृत गणनेत साधारणतः पाच ते दहा या वयासाठी वापरला जात असे आणि त्यानंतरच्या वयाला 'कैशोर' म्हणत. मराठीने तो एक पायरी पुढे सरकवला.

मापे कोणाची?

वयात येण्याच्या टप्प्यांसाठी जगभरातील डॉक्टर आजही ज्या पाच पायऱ्या वापरतात, त्या ब्रिटिश बालवाढतज्ज्ञ जेम्स टॅनर यांच्या नावाने ओळखल्या जातात. टॅनर आणि त्यांचे सहकारी मार्शल यांनी १९६९ साली मुलींविषयीचा आणि १९७० साली मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९२ मुली व २२८ मुले होती आणि ती इंग्लंडमधील हार्पेंडेन येथील एका बालगृहात वाढत होती. पायऱ्यांचे वर्णन सर्वत्र उपयोगी पडले, परंतु त्या अभ्यासातील वयाचे आकडे जबलपूर, सांगली किंवा पणजी येथील मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. उंची व वजनासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षे वयोगटाचे भारतीय तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्यातील संशोधकांचा मोठा वाटा होता. केसांच्या बाबतीत असा सर्वमान्य भारतीय तक्ता नाही.

मुलींच्या चेहऱ्यावरील लव

या विषयातील सर्वाधिक दुःख येथे साठलेले आहे. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत ९८.५ टक्के गुण मिळवून राज्यात पहिली आलेल्या विद्यार्थिनीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि समाजमाध्यमांवर तिच्या गुणांऐवजी ओठांवरील लवेची चर्चा सुरू झाली. अनेकांनी तिची बाजूही घेतली. मात्र दाढीचे साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने तिला उद्देशून जाहिरात दिली, तेव्हा ती सहानुभूती आहे की विक्रीची संधी, असा प्रश्न विचारला गेला. एक-दोन गुण कमी मिळाले असते तर आपण एवढ्या प्रसिद्धीला आलो नसतो आणि हे ऐकावे लागले नसते, अशा आशयाचे उद्गार त्या मुलीने वार्ताहरांजवळ काढले. राज्यात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला आपल्या गुणांविषयी असे वाटावे, यावरून या टोमण्यांचा भार लक्षात येतो.

वरचा ओठ, कानशिले, हात, पोटऱ्या व नाभीखालील रेषा या ठिकाणी भारतीय उपखंडातील स्त्रियांच्या अंगावर दिसण्याजोगी लव असणे अगदी सामान्य आहे. ती गडद रंगाची असल्यामुळे अधिक उठून दिसते. उत्तर युरोपातील स्त्रीच्या चेहऱ्यावर तेवढीच लव असली तरी ती फिकट असल्याने नजरेत भरत नाही. आई, मावशी व आत्या यांच्याकडे पाहिल्यास उत्तर बहुधा घरातच मिळते.

लव आणि राठ केस यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. स्त्रियांच्या अंगावर पुरुषी पद्धतीने, म्हणजे हनुवटी, छाती, पाठ, पोटाचा वरचा भाग येथे राठ केस येऊ लागले, तर त्याला वैद्यकात हर्सुटिझम म्हणतात. त्याचे मोजमाप करण्याची पद्धत फेरिमन व गॉलवे यांनी १९६१ साली मांडली. आता तिच्या सुधारित रूपात शरीराच्या नऊ भागांना शून्य ते चार असे गुण दिले जातात व एकूण गुण छत्तीस होतात. गुण किती झाले म्हणजे केस 'जास्त' समजावेत, हे मात्र वंशपरत्वे बदलते. अमेरिका व ब्रिटनमधील गौर व कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ही मर्यादा आठ धरली जाते, भूमध्य सागराच्या परिसरातील व मध्यपूर्वेतील स्त्रियांसाठी नऊ ते दहा, तर चीनमधील हान वंशीय स्त्रियांसाठी केवळ दोन. शिवाय ही पद्धत प्रौढ स्त्रियांसाठी आहे. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीला ती लावून निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

अंगभर केस दाट होणे, म्हणजे हायपरट्रायकोसिस, ही आणखी वेगळी गोष्ट आहे. तिचा पुरुषसंप्रेरकांशी संबंध नसतो. मध्य प्रदेशातीलच रतलाम जिल्ह्यातील एका तरुणाच्या चेहऱ्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग केसांनी व्यापलेला असल्याची नोंद २०२५ साली गिनीज विश्वविक्रमांत झाली. ही जन्मजात व अत्यंत दुर्मीळ अवस्था आहे. हातावर दाट लव असलेल्या मुलीशी किंवा मुलाशी तिचा काही संबंध नाही.

पीसीओएस या नावाची धास्ती

अलीकडे ओठावर लव दिसली की पीसीओएस, असे समीकरण घराघरांत रूढ झाले आहे. या विकारात अंडाशयांतून पुरुषसंप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात, पाळी अनियमित होते, आणि रक्तातील इन्सुलिन वाढल्याने हा परिणाम आणखी तीव्र होतो. विकार खरा आहे व दुर्मीळही नाही. तथापि किशोरवयात त्याचे निदान घाईने होण्याचा धोका मोठा आहे, कारण मुरुमे, काही केस व अनियमित पाळी ही वयात येण्याची नित्याची लक्षणे आहेत.

या संदर्भात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. किशोरवयीन मुलीत पीसीओएसचे निदान करण्यासाठी पुरुषसंप्रेरकांच्या आधिक्याची लक्षणे आणि पाळीची ठरावीक मर्यादेपलीकडील अनियमितता, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, कारण या वयातील निरोगी अंडाशयही अनेक पुटकुळ्यांनी भरलेले दिसू शकते. पहिल्या वर्षात पाळी मागे-पुढे होणे सामान्य मानले जाते. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात ती एकवीस दिवसांपेक्षा लवकर किंवा पंचेचाळीस दिवसांपेक्षा उशिरा येत राहिली, अथवा पहिले वर्ष उलटल्यावर एखादी पाळी नव्वद दिवसांहून लांबली, तर तिला अनियमित म्हणावे, असे या सूचना सांगतात. सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊन काळजीत पडलेल्या पालकांनी दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखा लिहून ठेवल्या, तर डॉक्टरांना त्याचा अधिक उपयोग होतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

मुलीला आठ वर्षांपूर्वी किंवा मुलाला नऊ वर्षांपूर्वी जांघेत वा काखेत केस आले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बहुतेक वेळा अधिवृक्क ग्रंथी थोड्या लवकर जाग्या झाल्या, एवढेच निघते. परंतु या ग्रंथींचा जन्मजात विकार किंवा क्वचित गाठ नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. उलटपक्षी, मुलीत तेरा वर्षांपर्यंत आणि मुलात चौदा वर्षांपर्यंत वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही, तरी तपासणी करावी. अशा मुलांपैकी अनेकांच्या वडिलांची उंचीही उशिराच वाढलेली असते. आजीला विचारल्यास ही माहिती मिळते.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे वेग. मुलीच्या हनुवटीवर, छातीवर काही महिन्यांतच राठ केस वाढले, आवाज घोगरा झाला, स्नायू उठून दिसू लागले किंवा सुरू असलेली पाळी थांबली, तर वाट पाहू नये. अंगावर बारीक, मऊ लव एकाएकी वाढली आणि सोबत वजन फार उतरले असेल, तर कुपोषण किंवा आहार टाळण्याचा मानसिक विकार यांचा विचार करावा लागतो. अपस्मारावरील फेनिटोइनसारख्या काही औषधांनीही केस वाढतात. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

वस्तरा, मेण आणि मलमे

केस काढणे ही आरोग्याची गरज नाही. ती आवडीची बाब आहे. केस काढल्याने अपाय होत नाही आणि न काढल्याने अस्वच्छताही होत नाही. वस्तरा फिरवल्याने केस जाड व दाट येतात, ही समजूत चुकीची असल्याचे अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच मोजमापाने दाखवून दिले होते. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून तो खरखरीत लागतो. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि वस्तऱ्याला त्याची वार्ताही नसते. शंभर वर्षे होत आली, तरी ही समजूत तशीच आहे.

खरा धोका इतरत्र आहे. चेहरा उजळ करण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. ते महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ व लालसर होते, मुरुमे येतात आणि चेहऱ्यावरील केसही वाढतात. म्हणजे लव लपवण्यासाठी आणलेले मलमच ती वाढवते. केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक स्टेरॉइडयुक्त मलमांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत केला. तरीही मैत्रिणीने सुचवलेली नळी घेण्याआधी तिच्यावरील घटकांची नावे वाचणे अगत्याचे आहे. मुलांच्या बाबतीत दाढी लवकर यावी म्हणून मिनॉक्सिडिल लावणे, व्यायामशाळेत मिळणारी इंजेक्शने घेणे, हे प्रकार तितकेच घातक आहेत. बाहेरून घेतलेली संप्रेरके वृषणांचे स्वतःचे काम थांबवू शकतात आणि वाढीच्या वयात उंचीही खुंटवू शकतात. लेझरचा उपचार संप्रेरके स्थिरावण्यापूर्वी केल्यास, शेजारचे रोमकूप पुढे बदलत राहिल्याने, तो पुन्हा करावा लागण्याची शक्यता असते.

विचारायचे कोणाला

मराठीत शरीरविषयक शंकांना उघड उत्तरे देण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून १९२७ ते १९५३ या काळात केला आणि त्यासाठी खटलेही सोसले. त्यानंतर अर्ध्या शतकाने, केंद्राचा शालेय पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रम २००७ साली ज्या राज्यांनी साहित्यातील चित्रे व मजकूर यांवर आक्षेप घेऊन थांबवला, त्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये होती. केस कोठे व का येतात, हे त्या काळी शाळेत असलेल्या अनेक मुलांना वर्गात समजले नाही. आज तीच मुले पालक झाली आहेत.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र सल्ला केंद्रे चालवणे हा त्याचा एक भाग आहे. महाराष्ट्रात ही केंद्रे 'मैत्री' या नावाने व मध्य प्रदेशात 'उमंग' या नावाने ओळखली जातात. गुंतागुंतीच्या तपासणीसाठी भेडाघाट परिसरातील कुटुंबांना १९५५ साली स्थापन झालेले जबलपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. तपासणी पालकांच्या उपस्थितीत व्हावी, मुलीसाठी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका हजर असावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार मुलांना व पालकांना आहे. तपासण्यापूर्वी काय व का पाहणार हे डॉक्टरांनी सांगणेही अपेक्षित असते.

पहिल्या भेटीत बहुधा साधेच प्रश्न विचारले जातात. केस प्रथम केव्हा दिसले, किती वेगाने वाढले, पाळीच्या तारखा काय, घरात इतरांना कसे आहेत, कोणती औषधे वा मलमे चालू आहेत. त्यानंतर उंची मोजून ती तक्त्यावर मांडली जाते. वयात येणे फार लवकर सुरू झाले असेल तर उंची एकाएकी वाढू लागलेली दिसते, उशीर झाला असेल तर ती संथ असते, आणि शंका राहिल्यास डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय पाहिले जाते. शाळेच्या आरोग्य तपासणीतील मागील दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी सोबत नेल्यास रक्ताच्या तपासण्या कराव्यात की नुसतेच सहा महिने थांबावे, हे ठरवणे डॉक्टरांना पुष्कळ सोपे जाते.